मशीनमधलं निळं धान

बिसनलाल पटलेने दुरुस्त केलेल्या कपडे धुण्याच्या मशीनला आता कसलीच कमी नव्हती, कमी होती फक्त कपड्यांची. त्याची बायको धनवंता त्यात रुमालसुद्धा टाकायला तयार नव्हती.

बिरसीजवळच्या त्या गावात लोक जुने ट्रॅक्टर घेत, जुन्या मोटारसायकली घेत. बिसनलालला नाद होता जुन्या मशीनींचा, आणि त्याही वरून झाकण उघडणाऱ्याच हव्यात. तशा दोन ओसरीत आधीच धूळ खात होत्या. ही तिसरी गोंदियाच्या रेल्वे कॉलनीतल्या एका निवृत्त साहेबाकडून ट्रॉलीत घालून आणली, तेव्हा आत उंदरांचा संसार होता. अख्खा उन्हाळा बिसनलालने तिच्या पायाशी बसून काढला. पट्टा पीठगिरणीचा बसवला, बटण जुन्या रेडिओचं लावलं. गंजलेल्या टाकीला ठिगळ लावायला पत्रा मिळेना, तेव्हा धान भिजवायच्या ड्रमचं बूड कापून मोकळा झाला.

"आता मी धान कायच्यात भिजवू?" धनवंताने विचारलं.

"अवं, पहिले मशीन तं पाय! फारेनची होय. सायबाची होय."

"सायबाची होय तं सायबानं काऊन नाई ठेवली?"

बिसनलालने मशीनचं झाकण पुसायला घेतलं.

मृग लागला. गावभर पऱ्हे टाकायची, म्हणजे धानाच्या रोपांसाठी बी पेरायची, घाई सुरू झाली. एका सकाळी बिसनलाल शेतावरून घरी आला, तेव्हा धनवंता आमगावला बहिणीकडे निघून गेली होती. सवयीने त्याने मशीनचं झाकण उचललं आणि जागीच थबकला. आत पाणी भरलेलं होतं आणि पाण्यावर त्याचंच पांढरं धोतर पसरलेलं होतं.

तोंडाने एक शब्द न बोलता बाईने मशीन मान्य केली होती! त्याने दोन मुठी साबणाची पूड टाकली. पांढरं धोतर म्हणून नीळ टाकली, आणि आनंदाच्या भरात बाटली जरा जास्तच कलंडली. मग त्याने देवाचं नाव घेऊन बटण फिरवलं.

मशीन गुरगुरली. "धोतर जाड हाये," बिसनलालने स्वतःची समजूत घातली. पण आतून खरखर ऐकू यायला लागली, तेव्हा त्याने झाकण उचललं. निळ्या फेसात धान गरगर फिरत होतं.

मृगात भिजत घातलेलं धान म्हणजे बी, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि त्याच्या घरचं बी म्हणजे सुवासिक चिन्नोर. धनवंताच्या माहेरून आलेलं, दरवर्षी निवडून राखलेलं, कुठल्याही दुकानात न मिळणारं. धोतर तिने कोंबड्यांपासून झाकायला घातलं होतं, हे आता त्याच्या ध्यानात आलं. बी मेलं तर पऱ्हे नाहीत, पऱ्हे नाहीत तर रोवणी नाही, आणि धनवंतापुढे उभं राहायची तर सोयच नाही.

साबण काढायला त्याने पुन्हा बटण फिरवलं, तोच लाइन गेली. मग बादल्यांनी बोअरिंगचं पाणी आणून त्याने ते धान धुतलं, परत धुतलं, ताडपत्रीवर पसरलं. साबण गेला. निळा रंग काही जाईना.

"काऊन गा बिसनलाल, धान निळं कायले?"

कुंपणापलीकडून शेजारचा मुन्नालाल डोकावत होता. या माणसाला कळलं म्हणजे आमगावपर्यंत कळलं. बिसनलालच्या तोंडून आपसूक निघालं, "बी हाये. औषध लावलं. दुकानातलं बी रंगवलेलं नसते का? मशीनीत फिरवलं का साऱ्या दाण्याले सारखं बसते."

"कोन सांगतलं?"

"सायबानं."

कुठला साहेब ते मुन्नालालने विचारलं नाही. त्याचा चेहरा मात्र पडला. "अन् गावाले नाई सांगतलं? आपल्यापुरतं ठेवून राह्यलास?"

"नाई गा! पहिले पाहाचं हाये, उगवते का नाई."

"तवरी आमचा मृग निंगून जाईन!"

दुपारपर्यंत अंगणात घमेली, टोपल्या आणि पोती घेऊन माणसं उभी राहिली. "लाइन नाई," बिसनलालने हात जोडून सांगितलं, आणि त्याच क्षणी लाइन आली. बटण बंद करायचं राहून गेलं होतं. मशीन आपणहून गुरगुरायला लागली. लोकांना तो शुभशकुन वाटला.

नाही म्हणावं तर गाव कायमचं तोंड फिरवणार, खरं सांगावं तर धनवंताच्या आधी गाव हसणार. बिसनलालने निळीची बाटली नेसत्या धोतराच्या आड लपवली आणि थेंब थेंब टाकायला लागला.

"माह्या धानात रंग कमी काऊन?" नंदाबाईने हटकलं. "मुन्नालालले तं गडद देलं!"

धनवंता एसटीने परतली तेव्हा गाव निळं बी घेऊन घरी चाललं होतं. "वयनी, दादाचं डोकं म्हंजे डोकंच!" मुन्नालाल म्हणाला. धनवंताने ताडपत्रीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. आणि ती पिशवी घेऊन आत गेली.

माणसं गेल्यावर बिसनलाल ओसरीत मटकन बसला. "धनवंता, तुह्या माहेरचं चिन्नोर मी मारलं."

"कोनचं चिन्नोर? ते तं धानाच्या ढोलीत हाये. हे पोह्याचं धान होय. आपल्या पोरीसाठी, रवितासाठी पोहे करून पाठवाचे होते. ड्रम तं तुमी कापला, मंग कायच्यात भिजवू?"

बिसनलाल हसला. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. आपलं बी वाचलं! मग हसू अर्ध्यावरच आटलं.

"अन् गावाचं?"

"गावाचं तं बीच होतं," धनवंता म्हणाली.

त्या दिवसापासून बिसनलालच्या घशाखाली घास उतरेना. उजाडलं की तो लोकांच्या धानाच्या बांध्यांत जायचा. मुन्नालालच्या पऱ्ह्यांशी उकिडवा बसायचा, मातीला नाक लागेल इतका वाकून बघायचा. चिखल तसाच काळा. "पाहा," लोक म्हणत, "आपलं सोडून दुसऱ्याची चिंता करून राह्यला." ते ऐकून तो आणखीच खाली वाकायचा.

"आपलं चिन्नोर केवा टाकाचं?" तो घरी विचारायचा.

"थांबा," धनवंता म्हणायची. का थांबायचं ते सांगायची नाही.

आणि एका सकाळी मुन्नालाल ओरडतच अंगणात शिरला. बिसनलाल मशीनच्या मागे दडला.

"उगवलं गा! सुयांवानी उगवलं! नंदाबाईचं, गोवर्धनचं, साऱ्याइचं!"

मुन्नालाल ही बातमी पुढच्या घरी सांगायला पळाला. बिसनलाल मशीनमागून बाहेर आला. तेवढ्यात धनवंता आतून टोपलं घेऊन आली. तिने ढोलीतलं चिन्नोर मशीनच्या टाकीत ओतलं आणि वरून पाण्याची बादली रिकामी केली.

"म्हंजे, एवढे दिवस तू..."

"गावाचं उगवते का नाई, ते पाहून राह्यली होती. माहेरचं बी हाये. कोनी पहिल्यांदा टाकते का?" पदराखालून तिने निळीची बाटली काढून त्याच्या हातात ठेवली. "नंदाबाईपेक्षा गडद करजा."