रानडुकराला लागू पडणारी गोळी

बंदुकीची नळी जितकी आखूड, तितकी तिच्यावरची चर्चा लांब, हा निसर्गनियम आहे. पूर्व टेक्ससमध्ये तो पुस्तकात छापत नाहीत, कारण तिथे तो सगळ्यांना ठाऊकच असतो.

वेल्डन क्रॅब्ट्रीला तो निवृत्तीनंतर उमगला. आयुष्यभर त्याने विम्याचं काम केलं आणि लोकांना न आलेल्या संकटांबद्दल मनापासून सावध केलं. आता घरामागे अक्रोडाच्या जातीच्या पिकानची झाडं होती, आणि त्या झाडांखाली बायकोच्या माहेरची लहानशी दफनभूमी. संकट आलं ते तिथेच. पिकानच्या दाण्यांना चटावलेली रानडुकरं कबरींमधली जमीन उकरू लागली आणि सासूबाईंच्या कबरीवरचा दगड एका बाजूला कलला. (सासूबाई हयात असताना त्यांना कलवणं कुणालाच जमलं नव्हतं.)

"वेल्डन, डुकरांनी माझ्या आईला उकरायला घेतलंय," जुनेल म्हणाली.

"बघतो," वेल्डन म्हणाला.

विम्याच्या धंद्यात हा शब्द पॉलिसीच्या मुदतीइतका ताणता येतो.

घरात आजोबांची लांब नळीची रायफल होती. पण झाडीत ती फांद्यांना अडते. जाणकार माणूस रानडुकरामागे आखूड नळीची रायफल घेऊनच जातो, असं सगळ्या जाणकारांनी सांगितलं. आता, लांब नळीची रायफल तिथे दुकानातून घरी नेता येते, पण तीच वीतभर आखूड हवी असेल तर सरकारला आधी अर्ज, फोटो आणि बोटांचे ठसे लागतात. या धोरणात खोट काढणाऱ्याला राज्यकारभार कळत नाही. डुकरांवर अशी कोणतीच अट नसल्यामुळे, परवानगी येईपर्यंतच्या काळात त्यांनी आपली संख्या वाढवली.

परवानगी आली, रायफल आली, आणि खरा प्रश्न उभा राहिला: गोळी कोणती?

प्रश्न साधा नाही. आखूड नळीत काडतुसातली दारू पुरती जळायच्या आतच गोळी बाहेर पडते. त्यामुळे आवाज मोठा, जाळ मोठा आणि वेग मात्र बेताचा. (इथे दारू म्हणजे काडतुसातलीच. या चर्चेत आर्वेल स्टोक्स होता. तो चर्चमधला वडीलधारा असल्याने दुसऱ्या दारूवर चारचौघांत बोलत नाही.) वेग कमी पडला की गोळी जनावराच्या अंगात फुलत नाही, नुसती आरपार जाते. शिवाय थोराड नर डुकराच्या खांद्यावर चिलखतासारखी जाड कातडी असते.

"हलकी तांब्याची गोळी घे," डब हेन्स्ली म्हणाला. गुराढोरांच्या खाद्याचं दुकान त्याचं, त्यामुळे सभागृहही त्याचंच. "हलकी म्हणजे वेग. वेग म्हणजे फुलणार. विषय संपला!"

"जड घे," आर्वेल म्हणाला. "जड, सावकाश, सायलेन्सर लावून. डुकराला कळणारसुद्धा नाही."

"तुझ्या गोळीचं डुकराला खरंच कळणार नाही, आर्वेल. ते तसंच चरत राहील."

"आणि तुझ्या गोळीचा आवाज ऐकून शेजारच्या लुईझियाना राज्यातली डुकरं पळतील. इथली राहतीलच!"

वेल्डन दोघांचं ऐकून घेई, मान डोलावी आणि घरी जाऊन दोन्ही गोळ्यांची चाचणी घेई. आधी पाण्याचे कॅन फोडले. मग भिजवलेल्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे. मग जुनेलची कलिंगडं. त्या उन्हाळ्यात क्रॅब्ट्रींच्या मळ्यातली जितकी कलिंगडं डुकरांनी खाल्ली, त्याहून जास्त डुकरांच्या बंदोबस्तात खर्ची पडली. शेवटी, चाचणी वास्तवाला धरून असावी म्हणून, त्याने खाटकाकडून डुकराचा अख्खा खांदा आणून कुंपणाला टांगला. हलकी आधी की जड आधी, यावर डब आणि आर्वेल ओसरीत वाद घालत असताना झाडीतून खरी डुकरं आली आणि तो खांदा खाऊन गेली. तिघांनाही ते फार उद्बोधक वाटलं.

"पोटात गेलेला खांदा मोजायचा कसा?" डबने विचारलं.

जुनेल दारात उभी होती. "तुम्ही तिघं त्यांना जेवायला घालताय," ती म्हणाली. "आईच्या वेळी एवढी सरबराई केली नव्हतीत."

पुन्हा पिकानचे दाणे गळू लागले. एका सकाळी वेल्डन कॉफी घेऊन मागच्या पायरीवर आला, तर दफनभूमीत भला दांडगा नर. सासूबाईंच्या दगडावर खांदा घासत होता आणि दगड डुगडुगत होता.

वेल्डनच्या मॅगझिनमध्ये एक हलकी, एक जड, एक हलकी, एक जड अशा गोळ्या भरलेल्या होत्या. डब आणि आर्वेल या दोघांशीही संबंध टिकवण्याचा तो एकमेव मार्ग होता. त्याने दाराशी टेकवलेली रायफल उचलली. त्याने चाप ओढला, मग पुन्हा, मग पुन्हा.

धूर विरला तेव्हा डुक्कर नव्हतं. ते झाडीत शिरलं होतं, आणि घाईत असल्याचं काही दिसत नव्हतं. दगडावर मात्र सासूबाईंच्या नावाच्या पहिल्या अक्षरात मुठीएवढा खड्डा पडला होता.

फोन गेले. दोन्ही तज्ज्ञ न्याहारी अर्धी टाकून हजर झाले. डबने दगडाच्या पायथ्याशी चाचपून तांब्याचा चपटा तुकडा शोधला आणि आनंदाने ओरडला, "बघा, कशी फुललीय! डेलियाचं फूलच जणू!"

"दगडावर टोमॅटो मारला तरी फुलतो," आर्वेल खड्ड्यात बोट घालत म्हणाला. "पण ही खोली बघ. एवढं खोल जायला वजन लागतं. खड्डा जड गोळीचाच."

"टोप्या काढा," मागून जुनेल म्हणाली.

दोघांनी काढल्या.

"आता खाली बघा. इथे माझी आई झोपलीय."

डबने तुकडा हळूच खिशात टाकला. आर्वेलने बोट बाहेर काढलं. दोघं पुटपुटत माफी मागून गेले; फाटकापाशी पोचल्यावर पुन्हा त्यांचे आवाज चढलेले ऐकू आले.

वेल्डन तिथेच गुडघ्यांवर बसून दगडाचे कपचे गोळा करत राहिला.

"जुनेल," तो शेवटी म्हणाला, "मला नेम साधत नाही. कधीच साधत नव्हता."

"माहितीय मला. लग्नाआधी जत्रेत माझ्यासाठी बाहुली जिंकायला गेलास आणि स्टॉलवाल्याची टोपी पाडलीस. मग बोलला का नाहीस?"

"गोळी निवडत होतो तोवर चुकत नव्हतो ना."

तिने पदरासारखा ॲप्रन पसरला आणि कपचे त्यात घेतले.

जुनेलने जाड तारेची जाळी आणवली. वेल्डनने खांबांसाठी खड्डे खणले. हे काम त्याला सुरेख जमलं, कारण खड्डा चुकला तरी तो खड्डाच राहतो. दगड सरळ झाला, अक्षर सिमेंटने भरलं. कळपाने नव्या परिस्थितीचा आढावा घेतला आणि मुक्काम डबच्या मक्यात हलवला.

डब आता आखूड नळीच्या परवानगीची वाट पाहतो आहे. तो वेल्डनला येऊन म्हणाला, "तू जाळीवाल्याचा नंबर दे, पण आत्ता नको. आधी गोळीचं ठरू दे."

हलकी की जड, याचा निकाल इथे लागलेला नाही, याची वाचकांना चुटपुट लागली असेल, आणि ती रास्त आहे. ज्यांनी रायफल हातात धरलेली नाही, ज्यांच्या दाराशी रानडुक्कर आलेलं नाही आणि ज्यांना टेक्सस नकाशात पटकन सापडणार नाही, त्यांचंही डब आणि आर्वेलच्या पहिल्या भांडणातच मत पक्कं झालं होतं. ते त्यांनी जपून ठेवावं. जाळी काय, कुणीही लावतं.