दाजी थांबतात तेव्हा

आमचे दाजी कचेरीत एक वाक्य बोलत आणि थांबत. नुसते थांबत नसत. मान जराशी कलती करून आढ्याकडे कान देत, जणू वरून कुणी उत्तर देणार आहे. मग समाधानाने मान हलवून दुसरे वाक्य. कर्जतला नवे मामलेदार आले की पहिल्याच दिवशी विचारत, "वकीलसाहेब, डुलकी लागली काय?"

"येऊ द्या, साहेब," दाजी म्हणत. काय येऊ द्यायचे ते कुणालाच ठाऊक नसे.

पण यायचे, हे खरे. समोरच्या साक्षीदाराला ती शांतता सोसत नसे. "बांध माझाच हाय," असे छाती ठोकून सांगणारा गडी दाजी गप्प झाले की घामाघूम होऊन म्हणे, "म्हंजे सरकवला आमी. पन थोडाच!" ही या वकिलाची मोठी हिकमत आहे, असा खालापुरापर्यंत बोलबाला झाला. तरुण वकील थांबू लागले. मी दाजींचा मेहुणा आणि त्यांचाच कारकून, म्हणजे दोन्ही बाजूंनी त्यांच्या अन्नावर. मीही थांबून पाहिले. चौक गावच्या एका मुलीच्या बापाने विचारले, "स्वतःचं असं काय कमावता?" मी मान कलती करून थांबलो. उत्तर त्यांना लगेच मिळाले. ते स्थळ गेले.

घरी आमची आक्का विचारी, "आमटीत मीठ पडलंय ना?" दाजी म्हणत, "मीठ..." आणि पुढचा शब्द येईतो आक्काने पाने उचललेली असत.

मोठा दावा असला की आदल्या दिवशी ते एकटेच कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या लेण्याकडे जात. एका हिवाळ्यात मीही मागे लागून गेलो. धुके असे की समोर डोंगर आहे हे केवळ ऐकून माहीत. पायांखालचे गवत भिजलेले, आणि दाजी पुढे तरंगत चालल्यासारखे दिसत होते. दगडी खांबांपुढे ते उभे राहिले, पागोटे काढून हातात घेतले आणि म्हणाले, "शेत आमचेच होते."

आतून, जरा उशिराने, जरा जाड आवाजात आले, "...आमचेच होते."

दाजींनी मान हलवली. मी तोंड उघडे टाकून बघत राहिलो.

"हिकमत कसली रं, सदू?" ते म्हणाले. कचेरीत छापील मराठी बोलणारे दाजी या डोंगरात आले की लहानपणीचे बोलू लागत. "गुरं राखायचो हितं. दिसभर बोलायला कोन व्हतं? मी बोलायचो, मंग ही लेनी बोलायची. दोगांनी येकदम बोलून कसं चालंल?"

त्यांचे आईबाप घाटात आगगाडीच्या रस्त्याच्या कामावर गेले आणि वाख्याच्या, म्हणजे पटकीच्या, साथीत दोघेही तिथेच संपले. पोर कोंडाण्याला मामाकडे आले. साथीतून आलेले पोर म्हणून मामा म्हणाला, "थोडे दिस गोठ्यात ऱ्हाऊ दे." ते थोडे दिवस पुढे सरलेच नाहीत. जरा मोठे झाल्यावर दाजी कर्जतला पळाले. शाळामास्तरांचे पाणी भरून अक्षरे शिकले, एका वकिलाची बैठक झाडता झाडता कायदा शिकले, आणि परीक्षा देऊन सनद घेऊन बसले. धडे म्हणून दाखवायला मात्र लेण्याकडेच येत. "मास्तर मारायचे रं. ही कदी मारत नाय."

पुढल्याच वर्षी ती मामी आमच्या दारात येऊन बसली. मामा वारला होता. पुतण्याने तिला बाहेर काढून घराला कुलूप घातले होते, आणि म्हातारी गावच्या देवळात निजत होती. आक्काचा पारा चढला. "हिनं तुमाला गोठ्यात ठेवलं, आन आता हिला घर पायजे?"

दाजी थांबले. फार वेळ थांबले. त्या दिवशी आढ्यातून काही आले नसावे, कारण मान हलली नाही.

"सदू, वकीलपत्र लिही," एवढेच म्हणाले.

कचेरीत पुतण्याने सांगितले, "काकी आपल्या पायांनी निघून गेली, साहेब."

"आपल्या पायांनी," दाजी म्हणाले, आणि कान आढ्याकडे.

पुतण्या या पायावरून त्या पायावर झाला. "म्हंजे... दंडाला धरून मी नुसतं दाराभाईर आनलं. फुडं आपल्याच पायांनी गेली की!"

मामलेदारांनी टाक खाली ठेवला. घर मामीच्या ताब्यात आले.

कुलूप निघाले तेव्हा आम्ही बरोबर होतो. मामी आत गेली. दाजी ओट्यावरच उभे. पूर्वेची भिंत, शेजारची हद्द, दाराची चौकट, सारे त्यांनी कचेरीत तोंडपाठ सांगितले होते; आणि आता पाऊल उचलेना. मला वाटले, जुना राग असेल.

"ये ना रं, लखू," मामी आतून म्हणाली. मग तिच्याच काहीतरी ध्यानात आले आणि ती दाराशी परत आली. "तवा तुला आत घ्या असं कुनी बोललंच नाय रं. मला वाटायचं ह्ये बोलतील. ह्यास्नी वाटायचं, मी आनीन."

दाजी वाकले. पागोटे चौकटीला लागून खाली पडले, ते त्यांनी उचललेही नाही. अंधारात भिंत चाचपत, झोपेत चालावे तसे ते आत गेले आणि एका कोपऱ्यापाशी खाली बसले. विझलेल्या राखेवर त्यांनी तळहात धरला.

"चूल हितं व्हती होय?" ते म्हणाले. "गोठ्यातनं धूर दिसायचा. मला वाटायचं, त्या अंगाला असंल."