बुडबुडा आढळला नाही

काचकलावंत संघाचे सभासद एकेचाळीस, भट्टी एक आणि उपसमित्या अकरा. भट्टी एकच असल्यामुळे तिच्यासमोर बसण्याच्या पाळ्या ठरलेल्या आहेत, आणि पाळ्या ठरलेल्या असल्यामुळे उपसमित्या लागतात. सकाळी सहा ते नऊ ही पाळी गेली एकतीस वर्षं मावशींची. मावशी इथल्या कुणाच्याच सख्ख्या मावशी नाहीत. पण संघात त्यांना सगळे तसंच म्हणतात, त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे असलेले अध्यक्षही.

मावशींचा नेम साधा होता. भट्टीचं दार उघडायचं, लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा आणि पहिला पेला नळीवरून उतरेपर्यंत कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही. नळी त्या फिरवत आणि दुसऱ्या टोकाने फुंकर मारायला त्यांची नणंद बसे. नणंदेचा नेम वेगळा. दोन फुंकरींच्या मध्ये ती अखंड बोलत असे. या दोघींच्या हातचा पेला टेबलावर डुगडुगत नसे, ओठाला टोचत नसे, आणि उजेडात धरला तर त्यात फक्त उजेड दिसे. सहा पेले शेजारी मांडले तर पहिला कुठला नि सहावा कुठला, हे मावशींनाही सांगता येत नसे.

नेमकं हेच एका गिऱ्हाइकाला खटकलं. संघाकडे पत्र आलं : "आपल्या दुकानातून हाताने बनवलेले म्हणून सहा पेले घेतले. सहाही एकसारखे निघाले. एकातही बुडबुडा नाही, एकही वाकडा नाही. हे यंत्राचे असावेत. पाहुण्यांसमोर मला मान खाली घालावी लागली." संघाने पुराव्यादाखल पेले मागवले. गिऱ्हाइकाने कळवलं की पेले रोजच्या वापरात असल्यामुळे पाठवता येत नाहीत.

पत्र आलं म्हणजे उत्तर द्यायला हवं, उत्तर द्यायचं म्हणजे धोरण हवं, आणि धोरण नव्हतं. सबब बारावी उपसमिती नेमण्यात आली. तिने तीन बैठकांत असा निष्कर्ष काढला की माणूस चुकतो, यंत्र चुकत नाही. म्हणून चूक हाच हाताचा पुरावा. यापुढे 'हस्तनिर्मित' हा सोनेरी शिक्का हवा असेल तर वस्तूच्या निर्मितीत किमान तीन दोष आढळले पाहिजेत. वार्षिक सभेपर्यंत ज्याला शिक्का मिळणार नाही, त्याची भट्टीची पाळी काढून घेण्यात येईल.

चाळीस सभासदांना यात काहीच अडचण दिसली नाही. काहींनी तर माळ्यावर टाकलेला माल झटकून आणला.

मावशीही पेला घेऊन गेल्या. उपसमितीने भिंग लावून नमुना क्रमांक चार भरला. बुडबुडे : शून्य. कल : शून्य. ओरखडे : शून्य. शेरा : हस्तनिर्मितीचा पुरावा आढळला नाही.

"मी तुमच्यासमोर करून दाखवते," मावशी म्हणाल्या.

त्यांनी करून दाखवला. उपसमिती भट्टीच्या धगीत घाम पुसत उभी होती. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"हाताने केलात यात शंका नाही," ते म्हणाले. "पण मावशी, आम्ही पाहिलं हे लिहू कुठे? पाहिल्याचा रकानाच नाही."

"मग पेल्यात बघा ना."

"पेल्यात काहीच नाही. तिथेच तर घोडं अडलंय."

संघ काही निर्दय नव्हता. मावशींना आठ तासांच्या दोष-प्रशिक्षण वर्गात बसवण्यात आलं. शिकवायला होते तिरपे गुरुजी. बावीस वर्षांत त्यांचं एकही भांडं सरळ उभं राहिलं नव्हतं, म्हणून हे नाव पडलेलं; नवं धोरण आल्यापासून ते तज्ज्ञ होते.

"सोपं आहे," गुरुजी म्हणाले. "गोळा घेताना भलतीकडे बघायचं."

"भलतीकडे म्हणजे?"

"मी खिडकीतून बघायचो." मग त्यांनी आवाज खाली आणला. "खरं सांगू का मावशी, मला येतच नव्हतं हो. आता येत नाही तेच शिकवतोय. घरी बायको हसते."

मावशी खिडकीतून बघू लागल्या. हात मात्र भट्टीकडेच बघत राहिला. सातव्या तासाला कसेबसे तीन बुडबुडे आले. नणंदेने जीव मुठीत धरून तो पेला उपसमितीकडे नेला. शेरा आला : "बुडबुडे समान अंतरावर व एका रेषेत. शिस्तीचा संशय."

त्याच आठवड्यात एका काचकारखान्याला संघाचं सहयोगी सभासदत्व मिळालं. कारखान्याने आपल्या यंत्राला एक नवीन बटण बसवून घेतलं होतं. ते दाबलं की मिनिटाला चाळीस पेले पडत, प्रत्येकात तीन ते सात बुडबुडे, वाटेल तिथे विखुरलेले, आणि एकाचा कल दुसऱ्यासारखा नाही. नमुना क्रमांक चारचे रकाने पुरेनात. कारखान्याला 'उत्तम हस्त' श्रेणी देण्यात आली. यंत्राला येणं शक्य नसल्यामुळे मानपत्र व्यवस्थापकांनी स्वीकारलं.

"म्हणजे वहिनी, यंत्र पास आणि तू नापास," नणंद म्हणाली.

"असू दे. पण पाळी गेली तर सकाळी सहाला मी करू काय? डोळे तर उघडणारच."

नणंद त्यावर काही बोलली नाही. तिच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

वार्षिक सभा भरली. शिक्क्याचे पेले कपाटात रांगेने मांडले होते. व्यासपीठावरचं पाणी मात्र मावशींच्या जुन्या पेल्यांत होतं. कार्यवाहांना कुणीतरी कारण विचारलं. "टेबलावर कागदपत्रं आहेत ना," ते म्हणाले, "ती भिजायला नकोत."

मावशींच्या पाळीचा विषय निघाला तशी नणंद उठली. "तो नियम जरा वाचता का पुन्हा?"

कार्यवाहांनी वाचला. "वस्तूच्या निर्मितीत किमान तीन दोष आढळले पाहिजेत."

"निर्मितीत. पेल्यात असं कुठे म्हटलंय?"

"तसं म्हटलेलं नाही."

"मग पेला निर्माण कोण करतं? ही समोर बसलीये ती. तिच्यात दोष सापडले तर चालतील?"

कार्यवाहांनी कागद उलटा करून पाहिला. अध्यक्षांनी पाण्याचा घोट घेतला आणि पेला न बघता खाली ठेवला. तो सरळ उभा राहिला. "तत्त्वतः हरकत दिसत नाही," ते म्हणाले. "पण साक्षीदार लागेल. दोष जवळून पाहिलेला, दीर्घकाळ, आणि कसलीही भीडभाड न ठेवणारा."

"मी तिची नणंद आहे."

सभेत पूर्ण विश्वासाची शांतता पसरली.

"लिहा," नणंद म्हणाली. "एक. पहिला पेला उतरेपर्यंत बोलत नाही. मागे पदराने पेट घेतला तेव्हा मला हातवारे करून सांगत होती. दोन. चहात साखर घालते आणि ढवळायची विसरते. शेवटचा घोट मग ज्याचं नशीब त्याचा. तीन. भांडायला गेलं की आधीच चूक कबूल करते, आपण तोंड उघडं ठेवून उभे."

"तीन झाले," कार्यवाह म्हणाले. "पुरेत."

"पुरेत कसे? मी अजून हिच्या लग्नाच्या पहिल्याच वर्षात आहे."

पुरवणी कागद मागवावे लागले. मावशी मान खाली घालून ऐकत होत्या. चौदाव्या दोषाला त्यांना हसू फुटलं, ते पंधरावा म्हणून नोंदवण्यात आलं. चौसष्टाव्या दोषाला उपसमितीने हात जोडले. मावशींना संघाच्या इतिहासातली सर्वोच्च श्रेणी मिळाली आणि सहा ते नऊची पाळी कायम झाली. अध्यक्षांनी स्वहस्ते पेल्यावर शिक्का चिकटवला. तो तिरका बसला. उपसमितीने समाधान व्यक्त केलं.

आता मावशींच्या पेल्यासोबत एक चिठ्ठी असते, तीन निवडक दोषांची. गिऱ्हाइकं चिठ्ठी वाचतात, एकमेकांना वाचून दाखवतात आणि पेला बांधून घेतात. तो उचलून उजेडात अजून कुणी धरलेला नाही.

मागच्या महिन्यात त्या पहिल्या गिऱ्हाइकाचं पुन्हा पत्र आलं. कारखान्याचे शिक्क्याचे पेले घेतल्याचं कळवलं होतं. "प्रत्येक पेल्यात माणसाच्या हाताची ऊब जाणवते. दिवाणखान्यात दर्शनी मांडले आहेत. पाहुणे तोंडभरून कौतुक करतात. पाणी प्यायला अर्थात जुनेच."

हे गिऱ्हाईक कोण, ते संघाने जाहीर केलेलं नाही, आणि उगाच कुणाकडे बोट दाखवणं बरं नव्हे. एवढं वाचून तुम्हाला तहान लागली असेल. उठा, पाणी प्या. फक्त दिवाणखान्यातल्या कपाटावरून पुढे जाताना आपला हात कुठल्या पेल्याकडे जातो, तेवढं बघा.