शेपटीचा उजवा कोपरा

गाईड राजेश्री मॅडमनी तपासणीचा कागद टेबलावर ठेवला आणि चष्म्यावरून सुगतकडं बघितलं. बंधाऱ्याच्या खालचे चाळीस मरळ, वरचे चाळीस मरळ. त्यातले अकरा दोन्हीकडं निघाले होते. भावंडं नव्हेत, चुलत नव्हेत. तेच ते अकरा मासे.

"दोन मासे इतके सारखे नसतात, सुगत. एकाच माशाचे तुकडे तू दोन बाटल्यांत भरलेस."

सुगतची सगळी पीएचडी एका प्रश्नावर उभी होती. गोदावरीवर बंधारा झाल्यापासून वरचे आणि खालचे मरळ एकमेकांना भेटतात, की त्यांची दोन वेगळी खानदानं झालीत? काम तसं सोपं. शेपटीचा उजवा कोपरा नखाएवढा कापायचा, स्पिरिटच्या बाटलीत टाकायचा आणि मासा परत नदीत सोडायचा. तुकड्यातून माशाचं गणगोत कळतं. खालचं काम त्यानं स्वतः केलं होतं, चुडाव्याकडं, आपल्या गावाजवळ. वरचं काम पालमकडं, बहिणीच्या सासरी. तिथं जाळं टाकणाऱ्या भुजंगमामाला शिकवून त्याच्यावर सोपवलं होतं.

मॅडमनी शनिवार दिला. वरचे मासे त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा धरायचे. नाहीतर पीएचडीची नोंदणी रद्द.

सुगतचा संशय थेट भुजंगमामावर. त्यानं फोन करून विचारलं, मासे नदीतलेच होते ना, बाजारातून तर उचलले नाहीत? चाळीस वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाला असं विचारल्यावर जे व्हायचं तेच झालं. शनिवारी मॅडम काठावर हजर, आणि भुजंगमामा होडी बांधून, बाभळीखाली पाठ करून बसलेला. शेवटी सुगतची बहीण सुकेशनी चहा घेऊन आली. तिनं मामाला दोन कप पाजले आणि भावाला त्याच्या पाया पडायला लावलं, तेव्हा कुठं होडी सुटली.

तिसऱ्या खेपेला मामा मरळ घेऊन काठाला आला. शेपटीचे दोन्ही कोपरे गायब.

"उजवीकून आधीच कापल्याला व्हता," भुजंगमामा म्हणाला. "म्हनून मी डावीकून कापला. असे लय गावले. तुमी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. म्हनलं, पाव्हन्याचं कायतरी शास्त्र असंल."

मॅडमनी मासा हातात घेऊन निरखला. उजवी जखम जुनी, डावी त्यानंतरची. म्हणजे एकाच वेळी दोन तुकडे कापून बाटल्या भरलेल्या नव्हत्या. हाच मासा खाली कापला गेला होता आणि मग वर आला होता. मॅडमचा आवाजच बदलला.

"एवढी भिंत चढून आला? सुगत, हे फार मोठं आहे." त्यांनी डायरी काढली.

सुगत बहिणीकडं बघायला लागला. बहीण नदीकडं.

कारण ते अकरा मासे सुगतनं नदीत सोडलेच नव्हते. तेव्हा सुकेशनी बाळंतीण होती. बाळंतिणीला मरळ चांगला, म्हणून मायनं मागून घेतले. ओल्या पोत्यात मरळ दिवसभर जगतो. सात मरळांचं पोतं सुगतच पालमच्या बसनं पोचवून आला. तिसऱ्या दिवशी सुकेशनीचा मायला फोन, "लय चवदार व्हते." माय इतकी हरखली की तिनं आणखी चार धाडले.

"अक्का," सुगत हळूच म्हणाला, "तू खाल्लेस ना गं ते?"

"कापल्याल्या शेपट्या बघून सासूबाई म्हनल्या, कालेजवाल्यांनी कायतरी टोचलं असंल, बाळंतिणीला नगं. मग सोडले हितंच नदीत." तिनं पदर सावरला. "मायला कसं सांगू? तिनं किती मायेनं धाडल्याले."

"आन् दुसऱ्यांदा?"

"पयल्यांदा चवदार म्हनलं व्हतं ना. मग कोन्त्या तोंडानं नगं म्हनू?"

मॅडमना ही कुजबुज ऐकू गेली नव्हती, पण त्यांचं पेन थांबलं होतं. गप्प बसला असता तर सुगतचं नाव झालं असतं. पण त्याला गप्प बसता येत नव्हतं.

"सुगत, मासा बंधारा चढला कसा?"

"पालमच्या बसनं, मॅडम."

मॅडमनी डायरी मिटली. आधी चिडायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. मग अशा हसल्या की काठाला लागलेली भुजंगमामाची होडी हलायला लागली.

अकरा मासे वगळून हिशेब पुन्हा मांडला, तर वरचे आणि खालचे मरळ चांगलेच वेगळे निघाले. बंधारा आपलं काम चोख करत होता. मधे आला होता तो फक्त सुगत. नोंदणी वाचली. प्रबंधात मात्र मॅडमनी पोत्याचा आणि बसचा उल्लेख करायलाच लावला.

सुगतनं घरी अर्धीच गोष्ट सांगितली, नोंदणी वाचल्याची. मायनं लगेच मॅडमसाठी तीन जिवंत मरळ काढले. सुगतनं सवयीनं त्यांचे उजवे कोपरे कापले आणि ते परभणीला पोचते केले. मॅडम अंडंसुद्धा खात नाहीत, हे मायला सांगायची काही त्याची हिंमत झाली नाही.

दोन दिवसांनी मॅडमचा मायला फोन आला.

"मावशी, फार चवदार होते हो."

माय उठली आणि पोतं भिजवायला गेली. सुगतनं भिंतीवरचं जाळं काढलं आणि तेच तीन मरळ परत धरायला परभणीला, कॉलेजमागच्या तळ्याकडं निघाला.