नानांचं प्रचारक-मंडळ

बाजारात धर्म सांगायला उभा राहिलेला पाद्री हाताला धरून जेवायला नेणारा माणूस अख्ख्या गंगाखेडात एकच, आमचे शेजारी नाना. तहसिलीतली पेशकाराची नोकरी संपवून घरी बसले आणि दारावर पाटी लागली, 'धर्मप्रचारक इतिहास मंडळ'. अध्यक्ष नाना, चिटणीस नाना, झाडलोटही नानाच करत. मला न विचारताच त्यांनी सभासद करून टाकलं होतं.

पाद्री असो, मौलवी असो की महानुभाव, कायदा एकच. "आधी जेवा. धर्म मागून सांगा, आधी रस्ता सांगा. कोण्या वाटेनं आलात? संगं कोण होतं?" बोलणारा बिचारा स्वर्गापर्यंत पोचायचा आणि नाना त्याला ओढून पुन्हा सेलूच्या नाक्यावर आणायचे.

निजामाच्या राज्यात मंडळ म्हटलं की सरकारच्या पोटात गोळा उठे. एकदा पोलिसांचे अमीनसाहेब आले. "कौनसा मजहब फैला रहे?"

"फैलाते नहीं साब. कौन किधर से आया, इतनाच लिखते."

अमीनसाहेब पिठलं-भाकरी खाऊन, आपल्या गावच्या पिराची हकिकत सांगून गेले.

गाव हसे, पण खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. नानांचा धाकटा भाऊ विष्णू तरुणपणीच एका पाद्र्यासोबत निघून गेला होता. वडिलांनी त्या जिवंत पोराचं गोदेवर श्राद्ध घातलं. नाना त्या दिवशी पानावरून उठले. त्यांचं सगळं संशोधन त्या भावासाठी होतं.

एका उन्हाळ्यात जालन्याकडचा एक म्हातारा पाद्री आला. विष्णूचं नाव ऐकून त्यानं हातातला घास खाली ठेवला.

"आमच्याकडं पोरं शिकवायचा. लय गुणी. मागच्या पटकीच्या साथीत गेला."

नाना मला म्हणाले, "मास्तर, श्राद्ध तर होऊन गेलंय. आता काय करावं?"

नाना पाद्र्याकडं वळले. "इतक्या लोकायला जेवू घातलं, पाद्रीसाहेब. पर तुमच्यात माणूस गेल्यावर काय करतेत, ते कोणालाच इचारलं न्हाई. छातीच झाली न्हाई."

पाद्री उठून उभा राहिला, नानाही राहिले. त्यानं मराठीतच प्रार्थना सुरू केली. नाना भटजीमागून म्हणावं तसं एकेक शब्द त्याच्यामागून म्हणत गेले. विष्णूचं नाव आलं तेव्हा मात्र त्यांना बोलवेना. पाद्री थांबून राहिला होता.

तेवढं नाव मी म्हटलं.