एकशे साठ अंशांवरचा खड्डा

गमरेमामांनी पहिल्याच भेटीत मला हंडा म्हटलं. रत्नागिरीतल्या या इंजिनिअरिंग कॉलेजात मी नुकतीच रुजू झाले होते. कडक इस्त्रीची साडी, हातात नवी डायरी, चेहऱ्यावर उसना गंभीरपणा, अशा थाटात अँटेना लॅब बघायला गेले. दारातून दोन पावलं आत टाकली तोच कोपऱ्यातून आवाज आला, "ओ हंडा, बाजूला व्हा!"

मी मागे वळून बघितलं. मागे कुणीच नव्हतं.

"तुमालाच सांगतोय मॅडम. मधे उभ्या हाव तुमी."

खोलीच्या एका टोकाला एक लहानसा अँटेना लाट सोडत होता आणि दुसऱ्या टोकाचा अँटेना ती झेलत होता. मी नेमकी दोघांच्या मधे उभी होते. झेलणाऱ्याला जोडलेल्या मीटरचा काटा पार खाली पडला होता. मी बाजूला झाले, काटा वर आला. मामांनी समाधानाने मान हलवली आणि मला माझाच विषय समजावून सांगितला. "माणूस म्हंजे काय मॅडम? कातड्याचा हंडा. आत सगळं पाणी. लाट आली का हा पितो." मी एम. टेक. झालेली आहे हे त्यांना सांगावं असं मनात आलं होतं, पण काटा त्यांच्या बाजूने होता.

पुढे कळलं की हंडा ही शिवी नव्हती, ते वर्गीकरण होतं. किडकिडीत पोरगा म्हणजे तांब्या, मध्यम बांध्याची मुलगी म्हणजे कळशी, आमचे प्राचार्य म्हणजे पिंप. एकदा मुंबईहून परीक्षक आले, देहाने भरभक्कम. मामांनी त्यांना हात जोडून सांगितलं, "सायेब, तुमी टाकी हाव. व्हरांड्यातनं बघा." परीक्षक बिचारे सज्जन होते. त्यांनी सगळं प्रॅक्टिकल खिडकीतून घेतलं.

गमरेमामा आमचे प्रयोगशाळा परिचर. शिक्षण दहावी, गाव मंडणगड तालुक्यातलं, नोकरी सत्तावीस वर्षांची. बायको गावी शेती बघायची आणि हे इथे एका खोलीत राहायचे. वर्गात आमचा तास चालू असला की मामा मागच्या बाकांवरची धूळ पुसायला येत. ती धूळ तासभर पुसूनही संपत नसे. अशी त्यांनी आमच्या अभ्यासक्रमाची सत्तावीस पारायणं केली होती, आणि परीक्षा द्यायची नसल्यामुळे त्यांना तो मनापासून आवडतही होता.

मुलांचं तसं नव्हतं. तिसऱ्या वर्षाला दोन विषय एकदम अंगावर येतात. इलेक्ट्रोमॅग्नेटिक्समध्ये काही दिसत नाही, आणि सिग्नल प्रोसेसिंगमध्ये जे दिसतं ते खरं असेलच असं नाही. अर्धा वर्ग एकात अडकतो, उरलेला दुसऱ्यात. मी स्वतः विद्यार्थिनी असताना इलेक्ट्रोमॅग्नेटिक्सच्या पेपरला रडले होते. अलोऱ्याच्या कॉलनीत आमच्या घरी पोस्टातून निकाल आला तेव्हा वडिलांनी तो दोनदा वाचून कपाटात ठेवला, हे मी अजून विसरलेले नाही.

लॅबमध्ये मात्र मामांचं राज्य होतं. आत यायचं तर किल्ल्या, बांगड्या, घड्याळं काढून ठेवायची. पट्टेसुद्धा काढायला लावत, कारण बक्कल धातूचं. त्यामुळे आमचे अर्धे भावी इंजिनिअर एका हाताने पँट धरून दुसऱ्या हाताने प्रयोग करायचे. सगळ्यांचे मोबाईल मामा स्टीलच्या मोठ्या डब्यात भरत आणि वर झाकण दाबून बसवत. "आता आयशीनं फोन केला तरी लागायचा नाय." आणि एक वाक्य त्यांच्या तोंडी सतत असायचं. कुणी खोडरबर हातात घेतला की ते खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यातून ओरडत, "आलं ते लिवा! आलेलं पुसायचं नाय!"

असा कडक माणूस. म्हणून पुढचं कळलं तेव्हा मी आधी चाटच पडले.

आमच्याकडे जर्नल नावाची एक वही असते. प्रत्येक प्रयोगाचा हेतू, साहित्य, रीडिंग, आलेख, निष्कर्ष, सगळं तिच्यात लिहायचं. लिहायचं म्हणजे छापायचं. मागच्या वर्षीच्या कुणाचं तरी जर्नल मिळवून रात्री बसून उतरवून काढायचं. मीही तेच केलं होतं, तेव्हा या बाबतीत मी फार सोवळेपणा करणार नाही.

त्या वर्षी सिग्नल प्रोसेसिंगच्या वर्गाला मी एक काम दिलं होतं. कुठल्याही प्रयोगाची रीडिंग घ्या आणि त्यातला खरा सिग्नल कुठला, भेसळ झालेला नॉइज कुठला ते प्रोग्राम लिहून वेगळं करा. अद्वैत नावाच्या हुशार पोराने आपल्या जर्नलातली अँटेनाची रीडिंग घेतली. अँटेना दहा-दहा अंशांनी फिरवत जायचा आणि दर वेळी मीटर वाचायचा, असा तो प्रयोग. अद्वैतच्या आलेखाला एकशे साठ अंशांवर मोठा खड्डा होता. एकशे पन्नासला ऐंशी, एकशे साठला एकवीस, एकशे सत्तरला शहाण्णव. त्याच्या प्रोग्रामने ते एकवीस उचलून फेकून दिलं आणि रेघ सुरेख गुळगुळीत झाली. तो मला लॅबमध्ये स्क्रीन दाखवत होता. मामा मागे फडकं घेऊन उभे होते.

"ते काढू नको," मामा म्हणाले.

"मामा, तो नॉइज आहे."

"तुला काय ठाव, नॉइज हाय का काय ते?"

आवाज असा होता की अद्वैतने लॅपटॉप मिटला. मला खटकलं. संध्याकाळी मी वर्गाची साठ जर्नलं काढली. पहिल्या वीसेकांत आकडे बघितले, एकशे साठला एकवीस. बाकीच्यांचे नुसते आलेख चाळले. साठही आलेखांत त्याच जागी तोच खड्डा होता.

शनिवारी दुपारी मी एकटीने सगळं मांडून रीडिंग घेतलं. एकशे साठला नव्वद आले. तिथे नव्वदच यायला हवेत, गणितही तेच सांगतं. सोमवारी मी वर्गाला धारेवर धरलं. कुठून छापलंत? शेवटी एक मुलगी खाली बघत म्हणाली, "मॅडम, मामा देतात. दर वर्षी तेच एक जर्नल काढून देतात. म्हणतात, बाकीचं कायपण करा, पण अँटेनाचं ह्यातनंच उतरवा."

मी तरातरा लॅबमध्ये गेले. आलं ते लिवा म्हणून ओरडणारा माणूस स्वतःच मुलांना खोटी रीडिंग वाटतो, याचा मला भयंकर राग आला होता. विभागप्रमुखांकडे जाईन, असंही मी बोलले. मामांनी ऐकून घेतलं. मग हातातलं फडकं घडी करून टेबलावर ठेवलं.

"खोटं नाय मॅडम ते. माझ्या सुजाचं हाय."

सुजाता ही त्यांची मुलगी, एकुलती एक. चौदा वर्षांपूर्वी इथेच, याच विभागात तिसऱ्या वर्षाला होती. बापूस ज्या बाकांवरची धूळ पुसायचा त्याच बाकांवर बसून ती शिकत होती. अँटेनाच्या प्रयोगाला तिच्या जोडीदारणीने मीटर वाचायचा आणि हिने लिहायचं, असं ठरलेलं. दुपार टळून गेली होती आणि पोरगी सकाळपासून उपाशी होती. मामांनी दारातून हाक मारली, "सुजा, भाकरी खाऊन घे गो."

"मी हाक मारली, मॅडम. ती तशीच सरळ माझ्याकडं आली, मधनं. ती दुसरी मीटर बघतच व्हती. एकवीस म्हणाली. मंग दोघींच्या ध्यानात आलं, काय झालं ते. ती म्हणाली पूस, परत घेऊ. सुजा म्हणाली, आलंय ना? मंग ऱ्हाऊदे. खाली लिवते कारण. आणि लिवलं पण तिनं आलेखाच्या खाली, की मी मधे आले म्हणून."

त्या जुलैत ती लावणीला गावी गेली. चिखलातून घरी आली ती ताप घेऊन. पाचव्या दिवशी लेप्टोने संपली. मामा महिनाभर रजेवर होते. परत आले तेव्हा कपाटातली जुनी जर्नलं रद्दीत गेली होती, तिचंही त्यांतच. पण त्याआधी कुणीतरी ते छापलं होतं. नव्या वर्षाची जर्नलं जमा झाली आणि मामांनी एक सहज उघडलं, तर एकशे साठला एकवीस! खालचं कारण मात्र कुणी उतरवलं नव्हतं. मुलांना आकड्याशी मतलब.

"तवापासनं एक जर्नल मी ठेवतो आणि पुढच्यांना देतो," मामा म्हणाले. "चार महिन्यांनी रिटायर व्हतोय. तवर चालूंदे मॅडम. मंग द्यायला कोण नाय. आपसूक बंद व्हईल."

मी घरी आले. चार महिन्यांचा प्रश्न होता, कुणाचं काय बिघडणार होतं? एका आकड्याने पूल पडणार नव्हता की बोट बुडणार नव्हती. पण मी शिक्षक आहे, आणि साठ पोरं न घेतलेलं रीडिंग लिहून इंजिनिअर होणार, हे मला माहीत झालं होतं. माहीत नसतं तर बरं झालं असतं, असंही त्या दोन दिवसांत मला कितीदा वाटलं.

तिसऱ्या दिवशी मी मामांना म्हटलं, "मामा, सुजाताने खोटं लिहिलं नव्हतं. तिला एकवीस आले, तिने एकवीस लिहिले. या पोरांना आलेले नाहीत."

मामांनी फडकं उचललं आणि खिडकीची काच पुसायला घेतली. या माणसाला त्याच्याच शब्दांत पकडल्याची मला लाज वाटली. अजून वाटते.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "तिनंपण ह्येच सांगितलं असतं."

साठ जणांचा प्रयोग पुन्हा घ्यायला आठवडा लागला. मामांनी स्टँडचे स्क्रू आवळले, तारा बदलल्या, आणि किल्ल्या-पट्ट्यांची झडती एरवीपेक्षा कडक घेतली. अद्वैतला तर त्यांनी दोनदा परत पाठवलं, खिशात पेनाची टोपी धातूची होती म्हणून. फक्त अँटेना एकशे पन्नासच्या पुढे सरकला की ते दाराकडे तोंड करून उभे राहत. मुलं ओरडून आकडे सांगायची, "नव्वद!", "एक्क्याण्णव!", "एकोणनव्वद!" आणि मामा पाठमोरे म्हणत, "लिवा."

शुक्रवारी काम संपलं. जुनी साठ जर्नलं रद्द झाली, मी प्रत्येकावर लाल फुली मारली होती. शिपाई ती उचलायला आला तेव्हा मामा मध्ये पडले.

"मॅडम, ही मी नेऊ गावी?"

"एखादं न्या ना, मामा. साठ घेऊन काय करणार?"

"आता साठातलं कुठचं ठेवू आणि कुठचं टाकू?"

मी मान हलवली. मामांनी मिरकरवाडा बंदरातून मिठाची दोन रिकामी पोती आणली होती, म्हणजे मी हो म्हणणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. पोत्यांना सुक्या मासळीचा वास येत होता. ते फरशीवर मांडी घालून बसले, एकेक जर्नल उघडून अँटेनाचं पान काढायचे, रकान्यावर बोट ठेवायचे, आणि मग ते पोत्यात सरकवायचे. मीही खाली बसले आणि पानं काढून देऊ लागले. साठ वेगवेगळी अक्षरं होती, काही गिचमिड, काही मोत्यासारखी.

चाळिसावं की बेचाळिसावं जर्नल असेल. मामांचं बोट थांबलं. त्यांनी चष्मा वर केला, पान डोळ्यांजवळ नेलं.

"सत्तावीस लिवलान ह्यानं."

मी बघितलं. खरंच, कुणा घाईतल्या पोराने एकविसाचे सत्तावीस केले होते. छापताना होतं असं.

"मग ते राहू दे मामा, बाजूला ठेवा. रद्दीत घालू."

मामांनी जर्नल मिटलं. लगेच खाली ठेवलं नाही, दोन्ही हातांत धरून बसले. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, इतके दिवस मी ज्याची भीती बाळगून होते ते.

"नाय मॅडम," ते म्हणाले. "चुकला असल बिचारा. झोप आली असल. पण हे पण तिचंच."

आणि त्यांनी ते बाकीच्यांबरोबर पोत्यात ठेवलं.