पाइनखालच्या तीन रॅकेटी

साल १९९८. फेब्रुवारीत आमच्या चेक हॉकीवाल्यांनी जपानात, नागानोला ऑलिंपिकचं सोनं जिंकलं, आणि ऑगस्टमध्ये आमच्या ल्होत्का गावच्या रानात अशा अळंब्या उगवल्या, की न्हाव्यानं दुकानाला कुलूप घातलं आणि पाद्रीबाबांनी प्रवचन जवळजवळ ‘आमेन’पासूनच सुरू केलं.

त्याच आठवड्यात आलोइस ह्लादिलच्या नातीचा, राडकाचा, तालुक्याच्या गावी टेनिसचा सामना होता. पोर सोळा वर्षांची. आईवडील ऑस्ट्रियात कामाला, म्हणून ती आजीआजोबांकडेच वाढलेली. आयुष्यातली पहिलीच व्यावसायिक स्पर्धा आणि पात्रता फेरीतला शेवटचा सामना. जिंकली तर मुख्य स्पर्धेत जागा, आणि हिवाळाभर तिथला टेनिस क्लब तिचा खर्च सांभाळणार. हरली तर सप्टेंबरपासून हॉटेलकामाची शाळा. तिथं नाव घालून ठेवलेलंच होतं.

सकाळी आजी, द्राहोमीरा, दारात उभी राहून म्हणाली, “तुम्ही व्हा पुढे. कोंबड्या, ससे उरकून मी बसनं येते. आणि आलोइस, वाटेत कुठे थांबायचं नाही.”

“मी कशाला थांबतोय?”

“वाटेत रान आहे.”

“रान काय आज आलंय वाटेत?” म्हणत आलोइसनं जुन्या स्कोडाचं दार आपटलं.

आता, आमच्याकडे माणूस बँकेतला आकडा सांगेल, बायकोचं वय सांगेल, पण आपली अळंब्यांची जागा सांगणार नाही. आलोइसची जागा तर बायकोलासुद्धा ठाऊक नव्हती. दर वर्षी तो टोपली भरून आणायचा, तेव्हा स्वयंपाकघरात दोऱ्यावर आधीच अळंब्या वाळत असायच्या. “शेजारणीनं दिल्या,” असं द्राहोमीरा म्हणायची. शेजारीण एवढी उदार कशी, हा प्रश्न आलोइसला कधी पडला नाही.

रानाच्या कडेला सडकेवर एक क्रूस होता, त्या क्रुसापाशी गाडी आपोआपच हळू झाली. राडका मागच्या सीटवर गाढ झोपली होती. वेळ हाताशी भरपूर होता. “दोन मिनिटं,” आलोइस स्वतःलाच म्हणाला आणि झाडीत शिरला. मोठ्या पाइनखाली पाहतो तर काय, जाड देठांच्या, भुऱ्या टोप्यांच्या अळंब्या, एकीलाही कीड नाही! टोपली घरी. पिशवी नाही. तो गाडीकडे धावला आणि हाताला लागलं ते घेऊन आला, म्हणजे राडकाची टेनिसची बॅग. तीन रॅकेटी त्यानं शेवाळावर नीट निजवल्या. बॅग आधी गाडीत रिकामी करायची, मग रॅकेटी घ्यायला परत यायचं, असा त्याचा बेत होता.

बॅग भरली आणि मागे काटकी मोडल्याचा आवाज आला. कोणीतरी येत होतं! जागा उघडी पडणार या धास्तीनं आलोइस कमरेत वाकून, बॅग छातीशी धरून जो पळाला तो थेट गाडीत. क्लबाच्या फाटकाशी स्कोडानं वाफ सोडून अंग टाकलं तेव्हाही रॅकेटींची आठवण त्याला नव्हती. पोर दुसऱ्या बाजूनं उतरली, बॅग खांद्याला अडकवून थेट कोर्टाकडे पळालीसुद्धा.

रॅकेटी आठवल्या त्या लाल मातीच्या कोर्टावर, राडकानं बॅगेची चेन ओढली तेव्हा.

“आजोबा!”

सगळ्या कोर्टावर रानाचा वास सुटला. समोरची उंच स्लोव्हाक मुलगी पोट धरून हसायला लागली. पंच खुर्चीवरून उतरून आले. आता ओरडणार असं वाटलं, पण त्यांनी एक अळंबी उचलून तिचा वास घेतला. “वा! कुठं मिळाल्या?”

“रानात,” आलोइस सवयीनं म्हणाला.

“आणि रॅकेटी?” प्रशिक्षक श्मेर्दानं विचारलं.

“त्यापण... रानात.”

क्लबातली कुणाची तरी जाड मुठीची रॅकेट घेऊन राडका खेळायला उभी राहिली. पहिले तीन गेम गेल्यावर श्मेर्दानं आपल्या गाडीच्या किल्ल्या काढल्या. “काका, तुमची गाडी मेली. जागा सांगा, मी आणतो.”

आलोइस बॅगेची चेन बंद करायला लागला.

“काका!”

“मीपण येतो. पण तू डोळ्यांना पट्टी बांध.”

“मग गाडी कोण चालवणार, अळंबी?”

आलोइसनं वाट दाखवायला सुरुवात केली. डावीकडे. पुन्हा डावीकडे. गिरणीला वळसा. तळ्याला वळसा. श्मेर्दाला नंतर काहीच आठवू नये म्हणून हा सगळा खटाटोप.

“काका, ही गाय आपण मघाशीही पाहिली.”

“गाई सारख्याच दिसतात.”

श्मेर्दानं गाडी बाजूला घेतली. “मी निघालो तेव्हा पोर सलग तीन गेम हरली होती. हात सुजेल त्या दांड्यानं. तिचं वर्ष ठेवायचंय की तुमचं झाड?”

आलोइसनं टोपी काढली, कपाळ पुसलं. नातीला तो पहिल्यांदा कोर्टावर घेऊन गेला होता, तेव्हा रॅकेट तिच्या कमरेपर्यंत यायची, हे त्याला आठवलं. “मागे वळव,” तो म्हणाला. “क्रुसापासून उजवीकडे. दुभंगलेल्या मोठ्या पाइनपर्यंत सरळ.” चाळीस वर्षं जपलेलं गुपित, एका दमात सांगून टाकलं. जणू दातच उपटला.

पाइनखाली शेवाळ होतं, तीन लांबट खळगे होते. रॅकेटी नव्हत्या. आसपासच्या उरलेल्या अळंब्याही कुणीतरी चाकूनं सफाईनं कापून नेल्या होत्या.

“चोर!” आलोइस खालीच बसला. “जागाही गेली, पोरीचं वर्षही गेलं.”

श्मेर्दानं गाडी परत क्लबाकडे पिटाळली. क्लबाच्या फाटकाशी टाळ्या ऐकू आल्या. कुंपणाच्या जाळीला नाक लावून आलोइस बघतो तर राडका दुसरा सेट जिंकून तिसऱ्यात पुढे होती, आणि हातात रॅकेट तिची स्वतःची! मुठीला अजून शेवाळाचा तुकडा चिकटलेला. आणि जाळीलगतच्या बाकावर द्राहोमीरा, शेजारी भरलेली टोपली.

“तू? रॅकेटी? कुठं मिळाल्या?”

“रानात,” द्राहोमीरा म्हणाली.

“म्हणजे मघाशी ती काटकी...”

“माझ्याच पायाखाली मोडली. कुणीतरी वाकून पळताना दिसलं, चेहरा काही दिसला नाही. पाइनपाशी गेले, तर आपल्या पोरीच्या रॅकेटी! तशीच सडकेला येऊन बस पकडली.”

“पण तुला माझी जागा कशी ठाऊक?”

“तुझी? माझ्या बापानं दाखवलेली ती, लग्नाआधी. परसामागच्या टेकडीवरून पायवाटेनं दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. तू मेला एवढा वळसा घालून जातोस.”

“म्हणजे शेजारीण...”

“शेजारणीकडे साधी सुरी नाही अळंब्या चिरायला. बघ तिकडे, सर्व्हिस आहे पोरीची.”

राडकाचा शेवटचा फटका रेषेवर लाल धूळ उडवून गेला. आलोइस मागे न बघता बाकावर बसला तो नेमका टोपलीच्या काठावर. द्राहोमीरानं त्याला ढकललं, आणि मग त्याचा हात धरून ठेवला. त्या संध्याकाळी त्यांच्या घरी अंडी घालून परतलेल्या अळंब्या सगळ्यांना पोटभर मिळाल्या. पंचही आले होते, बाटली घेऊन.

मुख्य स्पर्धेत राडका पहिल्याच फेरीत हरली, पण हॉटेलकामाच्या शाळेत तिचं पाऊल पडलं नाही. पुढे बरीच वर्षं जगभर खेळली, फार मोठं नाव नाही झालं, आज त्याच क्लबात मुलांना शिकवते. खेळायला निघण्याआधी बॅग उघडून बघायची सवय तिची अजून गेलेली नाही. स्लोव्हाक मुलगी दंतवैद्य झाली आणि नाताळला राडकाला न चुकता कार्ड पाठवते, त्यावर अळंबीचं चित्र असतं. श्मेर्दा ऑगस्ट आला की सरावाला उशिरा येतो, बुटांना शेवाळ लागलेलं असतं.

आलोइस आणि द्राहोमीरा त्यानंतर बरोबरच जायचे, टेकडीवरच्या पायवाटेनं, कुणी आधी पाहिली यावरून भांडत. शेवटच्या आजारात आलोइसनं मुलाला जवळ बोलावलं, दार लावून घ्यायला सांगितलं आणि हळूच जागा सांगितली. “हो बाबा,” मुलगा म्हणाला, “आईनं लहानपणीच दाखवलीय.” आलोइस इतका हसला, की डॉक्टरांना वाटलं आता बरा होणार. द्राहोमीरा त्याच्यामागं आठ वर्षं जगली आणि शेवटपर्यंत शेजारणीला अळंब्या पाठवत राहिली. ‘शेजारणीनं दिल्या’ हे सगळंच खोटं नको, निदान शेजारणीकडे अळंब्या तरी असाव्यात म्हणून.

ती शेजारीण मी. जागा नेमकी कुठं आहे, असं आता कुणी विचारील.

रानात.